होय, पण

पुस्तकात तलवारीवर बासष्ट पानं आहेत.
कुठली किती खोल जाते,
चिलखत असेल तर किती, नुसतं कातडं असेल तर किती,
पडल्यावर उठायला किती श्वास लागतात.
माफी मागण्यावर अर्धं पान,
आणि त्यातही निम्मी जागा
एका कोल्ह्याच्या चित्रानं खाल्लेली.

दिवसा मी दुलूथच्या बंदरात पूल उचलते.
जहाज लांबून भोंगा देतं, मी भोंग्यानं उत्तर देते,
रस्ता थांबतो, लोखंड वर जातं.
गुरुवारी रात्री चर्चच्या तळघरात
कॉफीच्या थर्मासशेजारी पुठ्ठ्याचा आडोसा उभा करते
आणि तीन माणसांसाठी जग होते.
धुकं मी, पहारेकरी मी, उपाशी लांडगेही मीच.

वेन्डेल आणि आर्लो सख्खे भाऊ.
बापाची बोट विकली गेली तेव्हापासून
दोन हिवाळे एकमेकांशी बोललेले नाहीत.
इथं येतात, कारण इथं बोलतात ती पात्रं.
"तुझ्या सरदाराला म्हणावं, चिप्स इकडे सरकव,"
असंसुद्धा एकदा झालंय.

त्या रात्री दारात आर्लोचा सरदार उभा होता
आणि वेन्डेलच्या चोराला आत जायचं होतं.
आत काय? मी लिहून आणलं होतं: मुकुट.
मुकुट दोघांनाही नको होता, आंधळ्यालाही दिसलं असतं.
सुनिवा म्हणाली, "हाणा ना एकदा,
बासष्ट पानं काय उगाच छापलीत?"

मी अर्धं पान उघडलं.
फासे हातात घेण्याआधी
दोघांनी मोठ्यानं सांगावं:
जिंकलो तर काय हवं,
हरलो तर काय द्यायची तयारी आहे.
जे द्यायची तयारी नाही
त्यावर फासे टाकू नयेत.

"हरलो तर हात तोडा," वेन्डेल म्हणाला.
मी म्हटलं, हात स्वस्त आहे.
हात परत उगवतो, पान एकोणचाळीस.
मग तो कितीतरी वेळ पेन्सिलीला टोक काढत बसला.
आर्लोच बोलला. म्हणजे सरदार. वहीत मी तसंच लिहिलंय:
"जिंकलो, तर यानं मला विचारायचं
त्या दिवशी किनाऱ्यावर मी का नव्हतो.
फक्त विचारायचं. उत्तर देईनच असं नाही."

आमच्या नकाशात किनारा नव्हता.
मी एक काढला.

"आणि हरलास तर?"
"दारातून बाजूला होईन.
आणि पुन्हा कधी म्हणणार नाही, तूच विकलीस."
काय विकलं, हे सुनिवानंही विचारलं नाही.

लोक हसतात. खोट्या राक्षसांना
कशाला हवीत एवढी कलमं?
हसोत. हजार फुटी जहाजाला
आणि शाळेच्या बसला
एकाच वेळी एकाच जागेतून जायचं असतं
तेव्हा माया उपयोगी पडत नाही, भोंगा पडतो.
किती लांब, किती आखूड,
ते कुणीतरी आधी शांत डोक्यानं ठरवलेलं असावं लागतं.

वेन्डेलनं टाकले. चार आणि तीन.
दहाच्या पुढे निखळ होय. सहापर्यंत नाही.
मधलं जे आहे, ते: होय, पण.
एकवीस वर्षं खेळवतेय मी,
जे काही घडण्यासारखं घडलं
ते सातावर, नाहीतर आठावर.

"चोर आत जाईल," मी म्हटलं,
"पण उंबरठ्यावर थांबून विचारेल."

बॉयलर गुरगुरत बंद पडला.
वेन्डेलनं पेन्सिल खाली ठेवली
आणि चोराचा तो घोगरा आवाज न काढता
विचारलं.

वर पायऱ्यांशी शिपाई दिवे उघडझाप करत होता, दहा वाजले होते.
आर्लो फासे पिशवीत भरत राहिला,
आपले, मग चुकून वेन्डेलचेही.
"पुढच्या गुरुवारी," म्हणाला.
नियमात बसतं. मी पाहिलं.

मुकुट कुणी उचलला नाही.
वहीत नोंद आहे: आतल्या टेबलावर, तसाच.